पुढचा चिमटा

सायकल भिंगरीची होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याबद्दल कोणी बोलत नसे.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं. आता पन्नाशी उलटली, अर्धे केस पांढरे झाले, तरी आई आणि दादा तिला त्याच नावाने हाक मारत. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासायच्या, फ्रेमच्या खाचेत बसवायच्या आणि मग पुढे येऊन गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा सरळ बसतोय का ते बघायचं. नवरा केव्हाच दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटून बसला होता. मुलगी नोकरीच्या गावी. कामात दिवस जायचा, रविवार तेवढा अंगावर यायचा.

सायकल तिने लग्नाआधी घेतली होती. जाड टायर, सरळ हँडल, पोलादी फ्रेम, गडद हिरवा रंग. डोंगरात चालवायची सायकल तोवर आसपास कोणाकडे नव्हती. सुटीच्या दिवशी ती टेकडीमागच्या जंगलात शिरायची आणि चिखलाने माखून, गुडघे फोडून घेऊन परत यायची. आई डोक्याला हात लावायची. मग लग्न ठरलं. सासरी जिन्याखाली जागा नव्हती, की मनातच नव्हती, देव जाणे.

"राहू दे इथे," दादा म्हणाला होता, "मी बघतो तिच्याकडे."

त्याने बघितलं ते असं, की सहा महिन्यांत तो त्या सायकलवर शर्यतीत उतरला. पुढचं चाक दोन बाजूंनी धरून ठेवणारा दोन पायांचा जो भाग असतो त्याला बाकी सगळे फोर्क म्हणतात, दादा चिमटा म्हणायचा. तर तिचा मूळचा साधा चिमटा काढून त्याने तेव्हा नवीनच आलेला सस्पेन्शनचा बसवला, खड्डा आला की आत दबणारा. दोन शर्यती जिंकला. वर्तमानपत्रात फोटो आला. त्या नावावर त्याने सायकलींचं दुकान काढलं, आणि ते चाललं. हिरवी सायकल दुकानाच्या भिंतीवर, गल्ल्याच्या मागे, दोन हुकांना टांगली गेली. खाली पाटी: 'मालकांची शर्यतीची सायकल'. भिंगरी दुकानात यायची तेव्हा ती पाटी वाचायची आणि मूग गिळून गप्प बसायची. भाऊ आहे. चालवतोय धंदा. जाऊ दे.

मग एका हिवाळ्यात ती चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवरून घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी आणि स्क्रू घालावे लागले. एका हाताने घरात सगळं कसं करणार म्हणून आईने तिला आपल्याकडे बोलावून घेतलं. आई दादाकडेच राहायची, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वहिनी गेल्यापासून घरात दोघंच होती. वर जायचा जिना दुकानातूनच होता, त्यामुळे प्लास्टर निघेपर्यंत रोज येता-जाता भिंगरीला ती सायकल दिसायची. आणि रोज बघून बघून तिला एक दिवस कळलं, की आपण सायकल बघत नाही आहोत, आपण तिच्यावर बसायची जागा बघतोय.

प्लास्टर काढलं त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "दादा, माझी सायकल मला हवी आहे."

दादाचा घास हातातच राहिला. "कुठली?"

"भिंतीवरची."

"अगं, ती आता शोभेची झाली. तिच्यात काय राम आहे? तुला हवी तर दुकानातली एक छान हलकी, पुढे टोपली असलेली देतो."

"मला टोपली नको आहे."

"भिंगरे, हट्ट करू नकोस. लोक ती बघायला येतात."

आई पानाकडे बघत म्हणाली, "देऊन टाक रे. तिचीच आहे ती." मग दादाकडे एक नजर टाकून ती उठली आणि ताट विसळायला गेली. त्या नजरेत काहीतरी होतं. भिंगरीला वाटलं, आई एकदाची आपली बाजू घेतेय. तिला मनातून फार बरं वाटलं.

दादाने सायकल खाली उतरवली, पण ती देता देता तो काही देईना. आज चेनच नाही, उद्या टायर यायचेत, परवा गर्दी. शेवटी एका सकाळी त्याने ती स्टँडवर चढवली आणि भिंगरीला बोलावलं. जुना सस्पेन्शन चिमटा हाताने दाबून दाखवला. तो हललाच नाही. आतलं रबर वाळून खडखडीत झालं होतं. दादाने वरची टोपणं उघडली तर पिवळा भुगा पडला.

"हा गेला. याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. मूळचा साधा चिमटा माझ्याकडे आहे, जपून ठेवलाय. तोच लावू."

"साधा नको. सस्पेन्शनच लाव, नवा."

"का?"

तिने हात पुढे केला. मनगटाच्या आतल्या बाजूने लालसर रेघ होती. "डॉक्टरांनी सांगितलंय, चालवा, पण हाताला धक्के बसू देऊ नका. साध्या चिमट्यावर प्रत्येक दगड सरळ इथे येईल."

"नवे सस्पेन्शनवाले उंच येतात," दादा म्हणाला. "चार बोटं तरी जास्त. ही फ्रेम आखूड चिमट्यासाठी बनवलेली. पुढून वर उचलली जाईल, हँडल झोकांड्या खाईल, मानेवर ताण येईल." मान म्हणजे फ्रेमच्या पुढची उभी आखूड नळी, जिच्यातून चिमट्याचा दांडा वर हँडलपर्यंत जातो.

"आखूड बघ मग."

"मिळत नाहीत."

"शोध."

"अगं, हाताने सायकल चालवतात का? कोपर जरा सैल ठेवलं, टायरात हवा कमी ठेवली की झालं. आणि तुला जायचंय कुठे? दुकान ते घर. सपाट रस्ता आहे."

"मला जंगलात जायचंय."

दादाने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने चंद्रावर जायचं म्हटलं होतं. "जंगलात बिलकुल नाही," तो म्हणाला. आवाज नको तेवढा चढला होता. मग स्वतःलाच सावरून हसला. "या वयात पडलीस तर दुसरं मनगट मोडेल."

पुढच्या आठवड्यात तिने फोन केला तेव्हा तो म्हणाला, तयार आहे, घेऊन जा. ती कामावरून सुटून धावतपळत गेली. सायकल दारात उभी होती, धुतलेली, चकचकीत. आणि पुढे साधा चिमटा. दोन सरळ काळ्या नळ्या, बाकी काही नाही.

"मी काय सांगितलं होतं?"

"एकदा चालवून तर बघ. मग बोल."

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. तिने वाद घातला नाही. सायकल घेतली, समोरच्या दगडी फरशीच्या गल्लीतून एक चक्कर मारली. गल्ली संपेपर्यंत मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली. ती उतरली, सायकल हातात धरून परत आली आणि म्हणाली, "दुखतंय. काढ हा."

दादा गिऱ्हाइकांकडे बघून हसला. "बघा. सायकल हवी डोंगराची आणि बसायला हवी गादी."

ती माणसं हसली. वाईट हेतूने नाही, मालक विनोद करतोय म्हणून. भिंगरीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. याच सायकलवरून ती उभ्या उतारावर दगडांतून उतरायची, तेव्हा दादाला नीट ब्रेकसुद्धा धरता येत नव्हता. हे ती बोलली नाही. तिने सायकल वळवली आणि चालत निघाली.

"अगं, कुठे चाललीस?"

"ज्याला ऐकू येतं त्याच्याकडे."

शहराच्या दुसऱ्या टोकाला, कपडे धुण्याच्या दुकानाला लागून एका लांबट खोलीत एक मिस्त्री सायकली दुरुस्त करायचा. पूर्वी तो दादाकडेच होता, मग भांडून वेगळा झाला होता. हात चांगला, तोंड मात्र अशुभ. कुठल्याही वस्तूबद्दल 'टिकेल' हा शब्द त्याच्या तोंडून निघाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. शेजारून सतत वाफ यायची, तेव्हा अवजारं गंजणार हे त्याने भिंगरीला नमस्कार करायच्या आधी सांगितलं.

तिने मनगट दाखवलं, म्हणणं सांगितलं. त्याने सायकलला एक फेरी घातली.

"ओळखतो मी हिला, ताई. तुमच्या दादांनी हिला हात लावू दिला नाही कधी आम्हाला. जाड रंग दिलाय." त्याने मापं घेतली. "आखूड सस्पेन्शन मिळणं कठीण आहे. आणि या सायकलचे ब्रेक रिमवर लागणारे, आताच्या बऱ्याच फोर्कवर त्यांना जागाच नसते. बघतो. पण मिळाला तरी थोडा उंच येणार."

"मग काय होईल?"

"मानेवर ताण. जुनं पोलाद आहे, एक दिवस जाईल."

"तुमच्या मते कोणती वस्तू जात नाही?"

मिस्त्रीने मनापासून विचार केला. "ऐरण," तो म्हणाला.

ती कितीतरी दिवसांनी हसली. आणि हसण्याच्या भरात तिने त्याचा इशारा त्याच्या बाकीच्या रडगाण्यातच जमा करून टाकला.

फोर्क मिळाला. कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या सायकलचा, रिमच्या ब्रेकला जागा असलेला, मूळच्यापेक्षा अडीच बोटं उंच. मिस्त्रीने तो उघडून तेलपाणी केलं, नवी सील घातली आणि बसवला. दिसायला सायकल विचित्र झाली, जरा नाक वर केल्यासारखी. भिंगरीने तिथेच हँडलवर भार टाकला. पुढचा भाग हळूच खाली गेला आणि हळूच वर आला. मनगटाला काही कळलंसुद्धा नाही.

तो उन्हाळा तिचा होता. आधी कालव्याच्या काठाने, मग गवताळ पायवाटेने, मग एका रविवारी सरळ टेकडीमागच्या जंगलात. वाटा बदलल्या होत्या, पण चढ तेच होते. पहिल्या चढाला ती अर्ध्यावर उतरली, ओणवी होऊन धापा टाकत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटून नव्हे. आपण इतकी वर्षं कुठे होतो, असं काहीतरी वाटून. पुढे पुढे ती उतरेना. उतारावर मुळ्या आल्या की चिमटा दबायचा, सुटायचा, आणि ती मागे सरकून बसायची. शरीराला सगळं आठवत होतं.

ऑफिसात जाणाऱ्या बायका चष्मा घ्यायला आल्या की तिच्या पोटऱ्यांवरचे ओरखडे बघून चुकचुकायच्या. ती म्हणायची, "मांजर पाळलंय."

दादाला कळलं होतंच. आईला भेटायला ती जायची तेव्हा तो मान वर न करता विचारायचा, "जंगलात जातेस म्हणे?"

"जाते."

"नको जाऊस."

"का?"

"म्हटलं ना, नको जाऊस." आणि तो हातातल्या चाकाची तार पिळत बसायचा.

तिला ते जळणं वाटायचं. आपल्या भिंतीवर आता दोन हुक आणि एक फिकट चौकोन उरलाय, त्याचं हे दुःख, असं ती समजत होती. त्यात तिला थोडा आनंदही व्हायचा, खोटं कशाला बोला.

पानगळ सुरू झाल्यावर एका दुपारी ती लांबच्या उतारावरून खाली आली आणि शेवटच्या वळणावर सायकल कुरकुरली. लाकडी जिना वाजावा तसा आवाज. ती थांबली. चेन बघितली, पेडल बघितली. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केली तेव्हा दिसलं. मानेच्या मागे, जिथे खालची तिरकी नळी येऊन मिळते, तिथे दादाच्या दुकानाचं गोल स्टिकर होतं. त्या स्टिकरला मधोमध चीर गेली होती. ब्रेक दाबला की चीर उघडत होती, सोडला की मिटत होती. माशाच्या तोंडासारखी.

सायकल ढकलत ती मिस्त्रीच्या दारात पोचली. "तुमचं भविष्य खरं झालं," ती म्हणाली. "गेली मान."

मिस्त्री नेहमीप्रमाणे 'म्हटलं नव्हतं?' म्हणेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने स्टिकर नखाने सोलून काढलं, मग पातीने रंग खरवडायला लागला. हिरव्या रंगाखाली पांढरट लुकण निघालं. पत्र्याच्या गाड्यांचे पोचे भरायला वापरतात ते. तो खरवडत राहिला. लुकणाखाली नळी गुळगुळीत नव्हती, तिला सुरकुती होती, चुण्या पडल्यासारखी. आणि चिरेच्या कडा, जिथे ताज्या तुटलेल्या पोलादासारख्या चकचकीत असायला हव्या होत्या, तिथे फक्त एका बाजूला बारीक चमक होती. बाकी सगळी कड काळपट तपकिरी.

"ताई, इकडे बघा. हा गंज आताचा नाही. हा तडा जुना आहे, वर्षानुवर्षांचा. आणि ही सुरकुती समोरून काहीतरी धडकल्याशिवाय पडत नाही. झाड, भिंत, काहीतरी. नंतर कोणीतरी नळी सरळ करून लुकण भरलं, वर रंग दिला." तो खालच्या आवाजात म्हणाला, "वर स्टिकर चिकटवलं. मीही ते काढलं नाही. म्हटलं, दुसऱ्याच्या दुकानाचं नाव, आपण कशाला खरवडा. माझं चुकलंच."

"म्हणजे या फोर्कने नाही तुटली?"

"फोर्कने घाई केली. साध्यावर जरा जास्त चालली असती, पण तुटलीच असती. आणि उतारावर पूर्ण सुटली असती तर चाक एकीकडे, तुम्ही तोंडावर."

ती उभ्या उभ्या सगळं उलट क्रमाने आठवत होती. 'जंगलात बिलकुल नाही.' 'सपाट रस्ता आहे.' आणि जेवणाच्या पानावरची आईची ती नजर. ती नजर तिच्या बाजूची नव्हतीच.

सायकल तिथेच ठेवून ती दादाकडे गेली. दुकान बंद व्हायची वेळ होती, आत कोणी नव्हतं. दादा फरशी झाडत होता.

"दादा, ती कशावर आपटली होती?"

तो कशाबद्दल म्हणून विचारेल, थोडी टाळाटाळ करेल, असं तिला वाटलं होतं. त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि तो स्टुलावर बसला.

"झाडावर. तिसऱ्या शर्यतीत. खांदा निखळला माझा."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुझं नुकतंच लग्न झालं होतं."

"आणि आता? आता सायकल माझ्या हातात देताना?"

"मी तुला सांगितलं होतं ना, साधा चिमटा लाव म्हणून! किती वेळा सांगितलं. जंगलात जाऊ नकोस, तेही सांगितलं. तू ऐकलंस?"

"का लाव, ते सांगितलंस?"

दादाने पायाशी पडलेला एक स्क्रू उचलून खिशात टाकला.

"मनगट दाखवलं मी तुला. तू म्हणालास, कोपर सैल ठेव. चार माणसांत हसवलंस मला. एवढंच म्हणायचं होतं, भिंगरे, मी पाडली, तिला तडा आहे. मी भिंतीवरून मागितलीसुद्धा नसती."

"आणि लोकांना काय सांगणार होतो? इतकी वर्षं त्या सायकलवर दुकान उभं आहे. लोक येतात, विचारतात. फुटकी सायकल रंगवून टांगली म्हणतील. त्याच हाताने आमच्या सायकली दुरुस्त करतो म्हणतील. माझा मान राहील का गावात?"

"सायकलची मान गेली," ती म्हणाली, "तुझा मान तेवढा राहिला. माझी मान कुठे जाणार होती, त्याचा विचार केलास?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आई कठड्याला धरून अर्ध्या जिन्यापर्यंत आली होती. तिथूनच ती म्हणाली, "हळू बोला. शेजारी आहेत."

"तुलाही माहीत होतं, आई."

"माहीत होतं म्हणजे? पोराला झोळीत घालून आणलं होतं घरी. हात लोंबत होता. मी त्याच्याकडे बघू की सायकलकडे?"

"तेव्हाचं नाही म्हणत मी. आत्ताचं."

आई क्षणभर घुटमळली. "मला वाटलं, चालवशील चार दिवस आणि देशील सोडून. तुझं तसंच असतं." मग तिचा आवाज एकदम कडक झाला. "आणि तेव्हा तुला कळवलं असतं, तर तू पहिलं काय विचारलं असतंस? सायकलला लागलं का, हेच ना?"

आईने नेम बरोबर साधला होता. तेव्हा भिंगरीने कदाचित तेच विचारलं असतं. या बाईला आपण आतून-बाहेरून माहीत आहोत, आणि तरीही तिने आपल्याला त्या सायकलवर बसू दिलं, हे एकदमच तिच्या ध्यानात आलं.

दादा उठला. आता त्याचा आवाज मऊ होता, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा. "हे बघ, झालं ते झालं. देवाच्या कृपेने तुला काही झालं नाही. तुला दुकानातली हवी ती सायकल घे, सस्पेन्शनवाली घे, कुठलीही. फक्त ती फ्रेम मला परत आणून दे. नाहीतरी चालवता येणार नाहीच. मी भरून घेईन, भिंतीवर राहील बिचारी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, लाजही नव्हती. होती ती फक्त भिंतीची काळजी.

"बघते," एवढंच म्हणून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत ती मिस्त्रीकडे गेली आणि म्हणाली, "ही फ्रेम कापा. मानेपाशी आणि मध्ये, दोन्हीकडे. पुन्हा कोणाला भरता येणार नाही अशी."

मिस्त्रीने करवत हातात घेतली आणि परत ठेवली. "ताई, एवढी जुनी वस्तू. नुसती ठेवून द्या घरात. आठवण म्हणून."

"कशाची आठवण?"

त्याने फ्रेम शिकंज्यात आवळली आणि करवत चालवली. जुनं पोलाद चिवट होतं, बराच वेळ लागला. भिंगरी बाजूला उभी राहून बघत होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. नळीच्या आतून गंजाची बारीक पूड जमिनीवर पडली. तुकडे भंगारात गेले.

मिस्त्रीने तिला दुसरी फ्रेम शोधून दिली, त्या उंच फोर्कला शोभेल अशी, राखाडी, कुणाच्याही लक्षात न राहणारी. फोर्क तिच्यावर चांगला बसला. अर्थात हीही एक दिवस जाईल, असं त्याने सांगितलंच. भिंगरी त्या सायकलवर अजून जंगलात जाते. चढ चढते, उतार उतरते. पहिल्या उन्हाळ्यासारखं वाटत नाही. उतारावर प्रत्येक कुरकुरीला तिचा हात आपोआप ब्रेकवर जातो, आणि घरी आल्यावर ती बोटाने सगळे सांधे चाचपून बघते. आईकडे ती जाते, पण दुकान उघडायच्या आधी जाते. आई गुडघ्याचं सांगते, ही कामाचं सांगते. सायकलचा विषय दोघीही काढत नाहीत.

परवा तिच्या दुकानात एक गृहस्थ चष्मा न्यायला आले. काटक बांध्याचे, उन्हाने रापलेले, हातावर सायकलवाल्यांचे असतात तसे हातमोज्यांचे पांढरे पट्टे. तिने सहज विचारलं, सायकल चालवता का? त्यांची कळी खुलली. ते दादाचे जुने गिऱ्हाईक निघाले.

"तिथे एक सायकल होती भिंतीवर," ते म्हणाले. "हिरवी. काय वस्तू होती! मालक शर्यती जिंकलेले त्यावर. गेली बिचारी. त्यांची एक बहीण आहे म्हणे, तिने हट्टाने मागून नेली आणि भलताच उंच फोर्क लावला. ते सांगत होते, नको लावू, साधाच लाव, फ्रेमला झेपणार नाही. ऐकलं नाही. मोडून टाकली. सांगताना डोळ्यांत पाणी येतं हो त्यांच्या."

भिंगरीने चष्म्याची काडी गरम करून किंचित वाकवली. थंड होईपर्यंत बोटांत धरून ठेवली. ही गोष्ट आता किती जणांना सांगून झाली असेल, कोण जाणे. मग ती म्हणाली, "ती बहीण मीच."

गृहस्थ क्षणभर ओशाळले, पण लगेच हसले. समजूत घालावी तसा हात हवेत हलवून म्हणाले, "मग ऐकायचं होतं ना भावाचं! त्यांना त्यातलं कळतं."

तिला सांगता आलं असतं. लुकण, सुरकुती, काळी पडलेली कड, झाड. सगळं जिभेवर होतं. पण तिला दिसत होतं, की या माणसाला ती हिरवी सायकल हवी होती. भिंतीवरची, न आपटलेली. मागे अजून दोघं जण आपापल्या पावत्या धरून उभे होते.

तिने चष्मा त्यांच्या चेहऱ्यावर चढवला, नाकावर सरळ केला, एक पाऊल मागे सरून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना ते पाहिलं.

"कानामागे टोचतंय का?" तिने विचारलं.

"नाही," ते आरशात बघत म्हणाले. "एकदम छान. आता कसं सगळं स्वच्छ दिसतंय."